स्लाइड करंगळीत घालू की अनामिकेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो. ओपन जी ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजते, अशा जुळणीत) स्लाइड गिटार शिकतोय, म्हणजे बोटात स्लाइड ही नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवायचं. स्लाइड करंगळीत घातली की तीन बोटं कॉर्डला मोकळी राहतात. ब्लूज गिटारवादक मडी वॉटर्सही करंगळीतच घालायचे. पण माझी करंगळी बारीक आहे, काचेची स्लाइड डुगडुगते, फ्रेटच्या तारेवर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) सरळ राहत नाही आणि सूर उतरतो. अनामिकेत पकड छान बसते (रॉक गिटारवादक ड्वेन ऑलमन तसेच वाजवायचे), मागची दोन बोटं तारांवर टेकवून खरखरही दाबता येते. कॉर्ड मात्र अडतात. मला एकाच गाण्यात स्लाइड आणि कॉर्ड दोन्ही हवंय, आणि सुराशी तडजोड अजिबात नको. करंगळीसाठी लहान मापाची स्लाइड घेऊ, की अनामिकेचीच सवय लावू? आपल्याकडं स्लाइड बोटात घालून बघून घेता येईल असं दुकान कुठं आहे?