समाधान मानायचं की व्हायचं?

शहापूरकर :

परवा घरात एक वाक्य कानावर पडलं, ते मनातून जात नाही, म्हणून इथं विचारते. आमच्या घरी माग आहेत. व्यापारी सूत देतो, आम्ही साडी विणून देतो, मजुरी मिळते. सूत किती आलं, वाया किती गेलं, मजुरीतून काय काय कापलं गेलं, हे एका वहीत मांडू या, एवढंच मी म्हटलं. मोठे काका म्हणाले, “मिळतंय त्यात समाधान मान की. उगाच कशाला उकरत बसतीस?”

काकांवर माझा राग नाही. त्याच मागावर त्यांनी आम्हा सगळ्यांची शिक्षणं केली. पण ‘समाधान’ हा शब्द त्यांनी ज्या जागी ठेवला ती जागा मला पटली नाही. हाच शब्द ‘शंकासमाधान’मध्ये येतो, आणि तिथं शंका काढल्याशिवाय समाधान नाहीच. मग शंका विचारल्यावर मिळतं तेही समाधान, आणि शंका काढू नकोस म्हणून पुढं केलं जातं तेही समाधान, हे कसं?

मला वाटतं, फरक क्रियापदात आहे. समाधान होतं, समाधान करतात आणि समाधान मानतात. ‘माझं समाधान झालं’ हे माझं मीच सांगू शकते. ‘तुझं समाधान झालं’ असं कोणी मला ऐकवलं तर वाक्य अडखळतं, पुढं ‘का?’ लावावं लागतं. ‘समाधान मान’ मात्र आज्ञार्थात अगदी सहज येतं. जाणकारांनी लिहावं.

खानापूरकर :

ताई, तुमचा फरक पटला. आमच्या चुलत्यांचं सांगतो.

सोसायटीचं पीककर्ज फेडून बरेच दिवस झाले होते. कशासाठी तरी जमिनीचा उतारा लागला म्हणून ते काढायला गेले. आपल्याकडचा, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव भागातला, उतारा म्हणजे पहाणी, सगळी कन्नडमध्ये. चुलत्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कागद हातात पडला तरी ते खिडकीपासून हलेनात. “नवव्या रकान्यात कुणाकुणाची नावं हाईत? अकराव्यात काय लिवलंय?” मागची माणसं वैतागली. “सुम्म घेऊन जावा की मामा, कागद मिळाला न्हवं?” शेवटी रांगेतल्या एका कॉलेजच्या पोरानं रकाना रकाना वाचून दाखवला. नवव्यात जमिनीच्या मालकांची नावं असतात, ती बरोबर होती. अकराव्यात इतर हक्क आणि बोजे असतात. तिथं फेडलेल्या कर्जाचा बोजा जसाच्या तसा होता. चुलत्यांनी सोसायटीकडून बेबाकीचा, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा, दाखला आणला, अर्ज दिला आणि बोजा उतरेपर्यंत पाठपुरावा केला. नवा उतारा आला तो परत कुणाकडून तरी वाचून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “आता समाधान झालं.”

चौथीच्या पुढं शाळा न शिकलेला हा माणूस. त्यांना कोणी विचारवंत म्हणणार नाही. पण मराठीत विचार करणं आणि विचारणं हे एकाच शब्दातून आलंय, इकडं आपलं फारसं लक्ष जात नाही. मुळात ‘वि’ आणि ‘चर्’, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अवतीभवती मनानं फिरून येणं. हिंदीनं प्रश्नासाठी ‘पूछना’ ठेवलं. आपल्याकडंही ‘पुसणे’ होतंच, गावाकडची म्हातारी माणसं अजून “जरा पुसून ये” म्हणतात. तरी रोजच्या बोलण्यात ‘विचारणे’ पुढं आलं. कन्नडातही ‘विचारिसु’ म्हणजे चौकशी करणं, आणि कोर्टातल्या सुनावणीला ‘विचारणे’ म्हणतात. प्रश्नासाठी त्यांचा रोजचा शब्द ‘केळु’ आहे, आणि ‘केळु’चा दुसरा अर्थ ऐकणं! विचारायचं आणि ऐकायचं, दोन्हीला एकच धातू. मला हे फार मोलाचं वाटतं. विचारून उत्तर ऐकलंच नाही तर विचारलं कशाला?

अथणीकर :

एक भर घालतो. आमच्या मुलीला कन्नड शाळेत चित्रकलेचं प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर ‘समाधानकर बहुमान’ असं छापलंय. मराठीत त्याला आपण उत्तेजनार्थ बक्षीस म्हणतो. कन्नड शब्द हरलेल्याची समजूत घालतो, मराठी शब्द त्याला पुढच्या वेळेसाठी हुरूप देतो. बक्षीस तेच. आजी मराठी वाचते, तिला वाटलं परीक्षकांना चित्र समाधानकारक वाटलं, आणि ती खूश झाली.

निपाणीकर :

मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे जरा लांबेल.

समाधान म्हणजे सम्, आ आणि धा. धा म्हणजे ठेवणं. विस्कटलेलं नीट एकत्र आणून ठेवणं हा मूळचा अर्थ. त्यातून प्रत्येक भाषेनं आपापली वाट काढली. तेलुगूत समाधानम् म्हणजे सरळ उत्तर. हिंदीत समस्येची उकल. कन्नडात मनाची शांती, रागावलेल्याला ‘समाधान माडको’ म्हणतात. मराठीत तृप्ती. शहापूरच्या ताईंनी शंकासमाधानाचा दाखला दिला तो नेमका आहे, कारण उत्तराचा जुना अर्थ मराठीत त्या जोडशब्दात टिकून राहिलाय. तेव्हा हे दोन वेगळे शब्द नव्हेत. उत्तर सापडलं की मन जागेवर बसतं, आणि बसलेल्या मनाला आपण समाधानी म्हणतो. क्रम मात्र असाच आहे.

आता काकांच्या वाक्यातल्या ‘उगाच’कडे बघा. ‘उगा’ म्हणजे स्तब्ध, गप्प. रडणाऱ्या बाळाला ‘उगी उगी’ म्हणतो ते हेच. आणि ‘उगाच’ म्हणजे कारण नसताना. गप्प असणं आणि कारण नसणं, दोन्ही एकाच शब्दात. खानापूरकरांच्या रांगेतलं ‘सुम्म’ घ्या. कन्नडात ‘सुम्मने’चे हेच दोन अर्थ आहेत, गप्प आणि विनाकारण. एक आर्य कुळातली भाषा, एक द्राविड, एकमेकींच्या शेजारी शेकडो वर्षं राहिलेल्या. दोघींनी हे दोन अर्थ एका जागी बांधले, हे वर्गात सांगायला मला फार आवडायचं. मुलं लगेच म्हणायची, “बाई, मग गप्प बसायला कारण लागत नाही?” उत्तम प्रश्न. मी त्या मुलांना कधी ‘उगी बसा’ म्हटलं नाही.

काका तोंडानं ‘समाधान मान’ म्हणाले, पण त्यांच्या वाक्याचा अर्थ ‘उगी राहा’ असा होता. एवढ्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, तो त्यांनी वापरावा. समाधानाला त्या कामाला लावू नये.

आणखी एक. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं बोधवाक्य ‘अरिवे गुरु’ आहे. अरिवु म्हणजे जाण, आपली आपल्याला आलेली समज, तीच गुरू. बेळगावात 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्याआधी इथल्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या बहुतेकांची प्रमाणपत्रं धारवाडचीच. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी मराठी घरांच्या कपाटात हे विद्यापीठ आहे. त्याचं बोधवाक्य एकदा तरी शांतपणे वाचावं असं मला वाटतं.

चिकोडीकर :

बाई, बाकी सगळं मान्य. पण ‘समाधान मानणे’ला सगळ्यांनी मिळून फारच खाली पाडलंय, तेवढं मला पटत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा आमचा उभा ऊस पाण्यात कुजला. नदीला काय विचारणार? आई म्हणाली, “माणसं-जनावरं वाचली, त्यात समाधान मानू या.” ती काही विचार बंद करून बोलली नव्हती. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा त्याच आईनं बांधाबांधानं त्याला फिरवलं, किती क्षेत्र लिहिलं ते वाचून दाखवायला लावलं, आणि मगच अंगठा दिला. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे तिनं मनाशी वेगळं काढलं होतं. विवेक म्हणजे तरी काय, वेगळं काढणंच ना? धातूच तो, विच्.

‘मानणे’ म्हणजे मुकाट्यानं गिळणं नव्हे. एखादी गोष्ट अमुक आहे असं आपण ठरवणं. तुकोबांची ही ओळ सगळ्यांना पाठ असते: “ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान.” दुसऱ्याला गप्प करायला ती फार वापरतात. पण त्याच तुकोबांनी “सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता” असंही म्हटलंय. ‘मानियेले’ कुठं आलंय बघा. खरंखोटं करताना साक्षीला आपलं मन बसवलं आणि चार लोकांचं म्हणणं मानलं नाही. जो ‘मानत नाही’ असं म्हणू शकतो, त्यानं समाधान मानलं तर त्या मानण्याला वजन आहे. दुसऱ्यानं मानायला लावलं तर ते मानणंच नव्हे.

म्हणून ताई, माझ्या मते फरक क्रियापदापेक्षा कर्त्यात आहे. आई ‘मानू या’ म्हणाली. तुमचे काका ‘मान’ म्हणाले.

शहापूरकर :

चिकोडीकर, हे मला सुचलं नव्हतं. ‘मानू या’ आणि ‘मान’ यांतला फरक मी नीट लिहून ठेवते. बाईंचं उगी-उगाचही काकांना सांगणार आहे. त्यांना शब्दांची आवड आहे, ते रागावणार नाहीत, उलट दोन म्हणी ऐकवतील.

आता यातून निघालेला दुसरा प्रश्न. ‘समाधानी’ हे विशेषण आमच्या गल्लीत मी जास्त करून सुनांबद्दल ऐकते. “सून समाधानी आहे हो” म्हणजे तिची काही मागणी नसते, ती काही विचारत नाही. चांगलं म्हणायचं म्हणूनच म्हणतात. पण तिचं समाधान झालंय का, हे तिला कोणी विचारलेलं नसतं. पुरुषाला समाधानी म्हणतात तेव्हा अर्थ बदलतो का?

निपाणीकर :

बदलतो. “गडी समाधानी आहे” म्हटलं की हाव नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, आपल्यापुरतं कमावून सुखी आहे, असा अर्थ निघतो. त्यात त्यानं स्वतः काहीतरी ठरवलंय हे गृहीत असतं. सुनेबद्दल म्हणताना ते गृहीत नसतं. बोलणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही, म्हणून तो नोंदवायला हवा. निपाणीत जरद्याच्या वखारीत काम करणाऱ्या बायका मात्र एकमेकींबद्दल ‘समाधानी’ वेगळ्या सुरात म्हणतात: “ती समाधानी आहे, तिला कोण फसवत नाही.” तिथं तो शब्द हुशारीच्या अगदी जवळ जातो. हुक्केरी, रायबागकडं कसं म्हणतात ते तिकडच्यांनी लिहावं, जमल्यास पूर्ण वाक्य द्यावं.