भिंग लावून बघा

निपाणीच्या घरातलं रामपंचायतनाचं चित्र 'हातानं रंगवलेलं' आहे, असं तुम्ही लिहिलंय. मला ते शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, वाटतं. भिंग घेऊन सीतेच्या गालावर धरा. बारीक ठिपके दिसले की छापच. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद जरा सरकला की ओठाचा लाल रंग बाहेर येतो! पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८चा, रविवर्म्यांचा गिरगावातला छापखाना १८९४चा, नंतर तो मळवलीला गेला. म्हणून चित्र कुठल्या छापखान्याचं ते कळायला खालच्या पट्टीवरची अक्षरं वाचा. काच काढताना जपून, कागद चिकटलेला असतो. आमच्या शहापुरात आज्जीनं लक्ष्मीच्या छापील पदराला खरी जर न् टिकल्या चिकटवल्या होत्या. तुमच्या चित्रातली जर उठून दिसते ना? तेवढंच हातकाम असावं.