च्यू युआनने चू राज्य सोडायला हवे होते का?

धागा
चिनी परंपरेत देशभक्त कवी म्हणून ज्याचे नाव आधी घेतले जाते, तो च्यू युआन चू राज्याच्या ह्वाय राजाचा मंत्री होता. बलाढ्य चिन राज्याला रोखायचे असेल तर ची राज्याशी युती टिकवली पाहिजे, असे त्याचे मत होते. राजाने मात्र चिनच्या मुत्सद्दी झांग यीने दाखवलेल्या सहाशे ली (अंतराचे चिनी माप) भूमीच्या आमिषापायी ती युती मोडली आणि अखेर इ.स.पू. २९६ मध्ये चिनच्या कैदेतच त्याचा मृत्यू झाला. पुढे इ.स.पू. २७८ मध्ये राजधानी यिंगही पडली आणि परंपरेनुसार त्याच सुमारास हद्दपार च्यू युआनने मिलुओ नदीत देह टाकला.
त्या काळी कर्तबगार माणसे राज्ये बदलत. चिनला समर्थ करणारा शांग यांगही बाहेरचाच होता. च्यू युआननेही तसे करायला हवे होते, असे मला वाटते. पुढच्या हान राजवंशाच्या काळातील कवी 'ज्या यी' यानेही, स्वतः राजधानीपासून दूर पाठवला गेला असताना लिहिलेल्या शोककाव्यात, हाच आक्षेप घेतला आहे.

प्रतिसाद १
तीव्र असहमती. शांग यांग चिनच्या राजकुळातला नव्हता. च्यू घराणे मात्र चूच्या राजवंशाचीच शाखा होते. शिवाय आपला प्रश्न कवीने 'ली साओ' या आपल्या दीर्घकाव्यात स्वतःच मांडला आहे. शकुन सांगणारा लिंग फन त्याला म्हणतो की जग विशाल आहे, जुन्या घराला का चिकटून राहायचे? तो निघतोही. दिव्य रथात बसून आकाशमार्गाने जाताना खाली अचानक जन्मभूमी दिसते, सारथी व्याकुळ होतो आणि घोडे पुढे पाऊल टाकत नाहीत. ज्याने जाण्याचा पर्याय इतक्या प्रामाणिकपणे तपासून पाहिला, त्याचे न जाणे ही दुर्बलता कशी?

धागाकर्ता
त्याच काव्याचा शेवट आपण गाळलात. देशात मला जाणणारा कोणी नाही, मग जुन्या नगरीची आस कशाला, असे कवी तिथे म्हणतो. हा निष्ठेचा उद्घोष नाही, निराशा आहे. तिच्यातून आदर्श देशभक्त घडवला तो नंतरच्या लोकांनी. आधुनिक चिनी लेखक क्वो मोरुओने १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, त्याच्यावर नाटक लिहिले, तेव्हा त्या काळाला असा नायक हवाच होता.

प्रतिसाद २
या वादात वू झिशूचा विचार व्हायला हवा. तोही चूचाच. राजाने पित्याला आणि भावाला मारल्यावर तो वू राज्यात गेला आणि इ.स.पू. ५०६ मध्ये वूच्या सैन्यासह यिंगवर चालून आला. पुढे वूच्या राजानेही त्याचा सल्ला धुडकावून त्याला आत्महत्या करायला लावली. म्हणजे राज्य बदलूनही सल्लागाराचे भाग्य बदलले नाही. पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला नौकांच्या शर्यतींचा जो सण च्यू युआनच्या नावाने साजरा होतो, तोच सण सूचौ भागात वू झिशूच्या स्मरणार्थ असतो. लोकांनी सोडून गेलेल्यालाही आपले मानले आहे.

प्रतिसाद १
मानले, पण सूचौ ही वूची भूमी होती. यिंग जिथे लुटले गेले, त्या चूमध्ये लोक नौका घेऊन मिलुओच्या पाण्यात च्यू युआनलाच शोधत राहिले, असे आख्यायिका सांगते. माझ्या दृष्टीने हा फरक लहान नाही.