मदत हवी आहे: १८८५च्या सुदान मोहिमेतलं मरीनचं पदक

इंग्लंडात पोर्ट्समथला राहतो. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात इजिप्त मेडल (इजिप्त-सुदान मोहिमांसाठीचं ब्रिटिश पदक) मिळालं. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, मागे स्फिंक्स. त्याखाली १८८२ हे साल नाही, म्हणजे पदक १८८४ किंवा त्यानंतरच्या मोहिमेचं. क्लास्प (रिबनवरच्या मोहिमेच्या किंवा लढाईच्या नावाच्या पट्ट्या) दोन: 'सुआकिन १८८५' (सुआकिन हे सुदानचं बंदर) आणि 'टोफ्रेक'. कडेवर शिपायाचं नाव आणि आर.एम.एल.आय., म्हणजे रॉयल मरीन लाइट इन्फंट्री (ब्रिटिश नौदलाचं पायदळ), एवढंच. निळी-पांढरी रिबन पार विटली आहे.

टोफ्रेकची लढाई २२ मार्च १८८५ची. काटेरी झुडपांचं कुंपण अर्धवट असतानाच हल्ला झाला. तिथे मरीन्सच्या बरोबरीने २८वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीही होती. खरं सांगायचं तर पदक घेतलं ते त्यासाठीच!

आता या माणसाच्या लष्करी नोकरीची नोंद शोधायची आहे. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (सरकारी अभिलेखागारात) नौदलाच्या कागदपत्रांचे एडीएम १५७ (भरतीचे कागद), १५९ (सेवा-नोंदवही) आणि १७१ (पदकांच्या याद्या) हे संच आहेत, इतपत ठाऊक आहे. पण नाव अगदी सर्रास आढळणारं, आणि तुकडी चॅटमची, पोर्ट्समथची की प्लिमथची, तेच कळत नाही. आधी पदकांची यादी बघू की थेट नोंदवही? कुणी असा शोध घेतला असेल तर कृपया सांगा. आणि हो, पदक पॉलिश करू नये ना?