वाड्यातल्या जुन्या पॉइंट टू-टू रायफलींची किंमत कशावर ठरावी?

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरकडची मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, पण मालगुजारांच्या वाड्यांतल्या बंदुका परवान्याच्या आधाराने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येत राहिल्या. बारा बोअरच्या दुनळीविषयी सगळेच बोलतात. तिच्या शेजारच्या पॉइंट टू-टूकडे, म्हणजे .२२ इंची बारीक नळीच्या रिमफायर रायफलीकडे, विकायची वेळ आली की मगच लक्ष जाते. तेव्हा गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारते: विलायती आहे का, आणि चकाकते का. माझे मत असे की किंमत आधी रायफलीच्या मूळ अवस्थेवर, मग नळीवर आणि सर्वांत शेवटी नावावर ठरली पाहिजे, आणि विकण्याआधी तिला चकचकीत करण्याची आपल्याकडची पद्धत बंद झाली पाहिजे.

नावाला भाव का मिळतो हे उघड आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर खासगी व्यक्तीला परदेशातून बंदूक आणणे जवळपास अशक्य झाले, त्यामुळे आधीच देशात आलेल्या इंग्रजी बीएसए, चेक ब्रनो आणि अमेरिकी विंचेस्टर याच हातोहात फिरत राहिल्या. परदेशी लिलावांतले आकडे म्हणूनच इथे लावता येत नाहीत. तिकडे ब्रनो मॉडेल दोन ही रोजच्या वापरातली चांगली रायफल आहे, इकडे ती मिरवण्याची वस्तू झाली आहे. परंतु टंचाईचा हा भाव प्रत्येक नगाला सरसकट लावणे म्हणजे धड रायफल आणि मोडकी रायफल एकाच तराजूत घालणे होय.

जुन्या पॉइंट टू-टूचा खरा शत्रू तिची स्वतःची काडतुसे होती. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न गंजवणारे प्रायमर (बार पेटवणारा मसाला) येईपर्यंत काडतुसाच्या कडेतल्या मसाल्यात क्लोरेट असे. बार उडाल्यावर नळीत उरणारा क्षार हवेतली ओल ओढून घेतो, आणि धानपट्ट्यातल्या पावसाळ्यात त्याला ओल कमी पडत नसे. त्यातच कित्येक घरांनी रायफल चामड्याच्या पेटीत बंद करून ठेवली, जे सर्वांत वाईट, कारण चामडे ओल धरून ठेवते. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेली देखणी बीएसए मार्टिनी हातात आली तरी आधी बोल्ट किंवा ब्लॉक, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग, उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, मग काडतूस बसते त्या खोलीच्या तोंडाशी पांढरा कागद धरून नळीतून उजेड पाहावा. आट्यांच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांच्या, कडा धारदार दिसल्या तर उत्तम; काळे ठिपके दिसले तर ते कोणत्याही तेलाने जाणार नाहीत. नंतर घट्ट कापडी बोळा गजाने सावकाश ढकलावा. मध्येच एखाद्या जागी तो सैल सरकला तर तिथे नळी फुगलेली आहे. बोटांना हे जेवढे कळते तेवढे डोळ्यांना कळत नाही.

त्या खोलीची कडही पाहावी. रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. जुन्या रायफलीचा चाप वर्षानुवर्षे रिकामाच ओढला गेला असेल, तर पिन थेट नळीच्या तोंडावर आपटून तिथे खळगा पडतो आणि लगत धातूची धार उठते. मग काडतूस नीट बसत नाही, बसलेच तर टरफल निघत नाही.

आता चकाकीचे. बीएसएच्या रायफलीवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचे चिन्ह असते. त्या चिन्हाच्या रेषा आणि शेजारची अक्षरे कडांशी विरघळल्यासारखी दिसत असतील, तर ती रायफल बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, घासून पुन्हा ब्लूइंग केलेली (लोखंडाला निळसर-काळा रंग चढवलेली) आहे, मग रंग कितीही गडद असो. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर ती अडाणी हातांनी उघडलेली आहे. अशा नगाला मी मूळ, फिकट झालेल्या नगाच्या निम्म्याहून अधिक किंमत देणार नाही.

मेळघाट पायथा

वैनगंगाकाठ भाऊ, नळीविषयी आपण लिहिले ते मान्य आहे, पण आपला क्रम मला पटत नाही. मूळ ब्लूइंगला जो जादा भाव मिळतो तो संग्राहकांच्या बाजारात मिळतो, आणि आपल्याकडे तो बाजार कायद्यानेच मर्यादित केला आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने साधारणपणे एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते. ज्याच्याकडे दोनच जागा आहेत तो त्यातली एक भिंतीवर शोभणाऱ्या रायफलीला का देईल? तो नेम लागणारी रायफल घेईल. म्हणून नळी पहिली, चाप दुसरा, सुटे भाग तिसरे, आणि मूळ रंग शेवटी.

शिवाय दुरुस्ती म्हणजे विटंबना, असा सूर आपल्या लेखनात आहे तो अन्यायाचा आहे. खराब झालेल्या पॉइंट टू-टू नळीत नवे अस्तर बसवण्याचे काम बर्मिंगहॅमची पार्कर-हेल कंपनी नियमाने करत असे, आणि तिकडच्या क्लबांत अशा रायफली वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. जे तिथे प्रतिष्ठेचे होते ते इथे किंमत निम्मी करणारे कसे ठरते? परवानाधारक दुरुस्तीकाराकडून, नोंद ठेवून केलेल्या कामाला मी तर वाढीव किंमत देईन.

वैनगंगाकाठ

अस्तर आणि बफ यांत फरक आहे, आणि तो मी आधीच स्पष्ट करायला हवा होता असे आपण म्हणाल तर ते रास्त आहे. अस्तराने रायफलीला नेम परत मिळतो. बफने काहीच परत मिळत नाही, उलट शिक्के जातात. शिक्के ही तिची जन्मपत्रिका असते. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचे, मुकुटाखालचे अक्षर, किंवा ब्रनोवरचा सिंह आणि त्याच्या जवळचे दोन आकडी वर्ष, यांवरून ती कुठे आणि निदान अंदाजाने केव्हा तपासली गेली ते वाचता येते. ते पुसल्यावर विकणारा म्हणेल ते वर्ष खरे धरावे लागते.

आणि नेम हाच निकष धरला, तरी नावावर भुलणाऱ्याला धोका आहेच. विंचेस्टर १८९० ही ब्राउनिंग या कारागिराच्या आराखड्याची पंप रायफल (नळीखालची मूठ मागेपुढे करून भरायची) १९३२ पर्यंत सुमारे साडेआठ लाख निघाली. पण ती शॉर्ट, लाँग, लाँग रायफल आणि डब्ल्यूआरएफ अशा वेगवेगळ्या काडतुसांसाठी वेगवेगळी बनत असे. डब्ल्यूआरएफची खोली रुंद असते. तीत आजचे साधे लाँग रायफल काडतूस घातले तर टरफल फुटते आणि गरम वायू मागे येतो. नळीवर काय कोरले आहे ते न वाचता 'विंचेस्टर आहे' म्हणून घेणारा माणूस काडतूसच न मिळणारी रायफल विकत घेतो. अशीच गत मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, हरवलेल्या बोल्ट रायफलीची. मॅगझिन गेले की ती एकेरी बारांची उरते, आणि किंमत सांगताना विकणारा ही गोष्ट सहसा शेवटी सांगतो.

धानपट्टा

आपण दोघेही अशा गिऱ्हाइकासाठी लिहीत आहात ज्याला घाई नाही. मी वारसाच्या बाजूने लिहितो. घरातला परवानाधारक वारला की बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि ठरलेल्या मुदतीत ती सोडवून घेतली नाही किंवा तिची विल्हेवाट लावली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांत वारसा परवान्याची सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा पंचवीस वर्षे बंदूक बाळगून असला, तर त्याच्या हयातीतही वारसाला अर्ज करता येतो. पण आमच्या गावांत हे कोणी वेळेवर करत नाही. मग मुलगा पुण्याला, बंदूक विक्रेत्याच्या कपाटात, आणि मुदत डोक्यावर. थेट दुसऱ्या परवानाधारकाला विकायची म्हटली तरी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. या अवस्थेत किंमत ना शिक्क्यांवर ठरते ना आट्यांवर. ती विकणाऱ्याच्या नाइलाजावर ठरते. त्याने चकाकी आणून चार पैसे जास्त मिळवले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

पाचगाव वाचक

एक शंका. शंभर वर्षांची रायफल 'पुरातन वस्तू' धरून परवान्याविना ठेवता येत नाही का? तसे असेल तर घाईने विकण्याचा प्रश्नच राहत नाही.

वैनगंगाकाठ

असे धरून कोणीही चालू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ ची सूट जुनाट किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे खरी, पण अट अशी की ते दुरुस्ती करूनही चालणारे नसावे. २०२० च्या नियमदुरुस्तीने दुर्मीळ वस्तू म्हणून गणल्या जाणाऱ्या लहान शस्त्रांना बाळगण्यापुरती मोकळीक दिली, मात्र ती वापरायला, जवळ बाळगून फिरायला किंवा वाहून न्यायला परवाना लागतोच. शिवाय आपली रायफल त्या वर्गात बसते की नाही, हे मालकाने मनाशी ठरवण्याचे काम नव्हे. लेखी विचारावे, लेखी उत्तर घ्यावे.

धानपट्टा यांचे म्हणणे मात्र मला आतून लागले, कारण मी वर्णन केलेले नुकसान बहुधा याच घाईत होते. पण त्यांचा निष्कर्ष उलटा आहे. नाइलाजाने विकणाऱ्याला बफवाल्याला पैसे देण्याची गरजच नाही. त्याने नळी कोरडी पुसून हलके तेल लावावे, रायफल चामड्याच्या पेटीतून बाहेर काढावी, शिक्क्यांची आणि आट्यांची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत, जुना परवाना आणि खरेदीची पावती शोधावी. आजोबांच्या नावाची पावती असलेली फिकट बीएसए स्पोर्ट्समन, तिच्या नळकांडी मॅगझिनसकट, जाणत्या गिऱ्हाइकाला चकचकीत नगापेक्षा जास्त मोलाची वाटते, आणि विकणाऱ्याला खर्च काहीच येत नाही.

मेळघाट पायथा

पावतीचा मुद्दा मान्य. क्रमाचा नाही. माझ्यासमोर दोन रायफली ठेवल्या, एक पावतीसकट पण नळीत ठिपके असलेली आणि दुसरी पुन्हा ब्लूइंग केलेली पण निर्मळ नळीची, तर मी दुसरीच उचलीन आणि तिचे पैसेही जास्त देईन. रायफल मारण्यासाठी असते, आणि ती कुठे मारायची तर रेंजवर, कागदावर. शेतातल्या रानडुकरावर किंवा रोह्यावर (नीलगायीवर) पॉइंट टू-टू चालवण्याचा विचार जे करतात त्यांनी तो सोडावा. परवानगीचा प्रश्न वेगळाच, पण ही गोळी त्या जनावराला मारत नाही, जखमी करून सोडते.

धानपट्टा

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. किंमतीविषयी माझे म्हणणे कायम आहे: वारसा परवान्याचा अर्ज वडिलांच्या हयातीत केला असता तर या धाग्यातल्या निम्म्या रायफली विकायलाच आल्या नसत्या. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले परवानाधारक आहेत त्यांनी नूतनीकरणाची तारीख पाहताना हा अर्जही सोबत विचारावा.