विकलेल्या दुचाकीचे ई-चलान माझ्याच नावावर
प्रश्न: दोन वर्षांपूर्वी मी दुचाकी विकली. मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ व ३० या अर्जांवर सह्या करून कागद दलालाकडे दिले होते. तरी काल विनाहेल्मेट चालकाच्या छायाचित्रासह ई-चलान मलाच आले. काय करावे?

उत्तर: ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन वाहननोंदणी प्रणालीत नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक आपणच आहात. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून विक्रीचा पुरावा जोडून आरटीओला तातडीने लेखी कळवा.

दुसरे उत्तर: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विक्रेत्याने हे १४ दिवसांतच कळवायचे असते. २०१९ च्या दुरुस्तीने वाहनांच्या व परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद झाली, परंतु मूळ नोंदच जुनी राहिली तर बेशिस्त चालक मोकळाच फिरतो, याची मला फार चिंता वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अर्ज आजच देतो.