अनुभव धागा : पळताना अंतर कशानं मोजता, फोननं की बुटातल्या सेन्सरनं?

मंडळी, थंडी पडली की बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे पळणाऱ्यांची वर्दळ वाढते आणि रोजचा वादही सुरू होतो. एकाच वाटेनं, एकमेकांच्या सोबतीनं पळून आलेल्या दोघांपैकी एकाचे पाच किलोमीटर होतात, दुसऱ्याचे साडेचार. खोटं कुणीच बोलत नसतं. एकाचा फोन दंडाला बांधलेला, दुसऱ्याच्या बुटाच्या नाडीत सेन्सर अडकवलेला. म्हणून म्हटलं, बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथं कुठं पळत असाल तिथला अनुभव लिहा. कुठली वस्तू चांगली हे सांगू नका. तुमच्या वाटेवर काय घडलं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. डेपोतली ठरलेली फेरी मारली की माझा फोन ४.४ दाखवायचा आणि सेन्सर ५.१. महिनाभर मला ५.१ खरं वाटत होतं, कारण ते जास्त होतं. शेवटी ४०० मीटरच्या ट्रॅकवर गेलो आणि आतल्या पहिल्या पट्टीतून मोजून दहा फेऱ्या मारल्या. चार किलोमीटर व्हायला हवे होते, सेन्सरनं ४.१३ सांगितले. म्हणजे तोही तीन टक्के वाढवून सांगत होता. त्या हिशेबानं डेपोतली फेरी भरते साधारण ४.९ किलोमीटर. फोन झाडीखाली अर्धा किलोमीटर गिळत होता!

कारण समजून घेतलं तर राग येत नाही. फोन थोड्या थोड्या वेळानं उपग्रहांवरून आपली जागा ठरवतो (हेच जीपीएस) आणि ते ठिपके सरळ रेषांनी जोडतो. झाडीत सिग्नल अशक्त होतो, ठिपके सरकतात, वळणावळणाच्या वाटेची वळणं कापली जातात. सेन्सरला आभाळाशी देणंघेणं नाही. पाय कधी टेकला, किती वेळ टेकून राहिला, किती जोरात उचलला, एवढ्यावरून तो पावलाची लांबी अंदाजानं काढतो. पण मोजलेल्या अंतरावर पळून तुमचं पाऊल त्याला आधी शिकवावं लागतं. नव्या डबीतून काढून तसाच लावला, तर तो सरासरी माणसाचं पाऊल धरून चालतो.

खानापूरहून, शिक्षिका

मी जांबोटी रस्त्याला पळते. रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही, असं मलाही कितीतरी दिवस वाटायचं, म्हणून फोन घरीच ठेवून जायची. मग शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, उपग्रह नुसते बोलतात, फोन नुसता ऐकतो. त्याला टॉवर लागत नाही. रेंज असली तर उपग्रह कुठं आहेत ते लवकर कळतं, इतकंच. नसली तर थोडा जास्त वेळ द्यायचा. आता मी निघायच्या आधी फोन अंगणातल्या तुळशीकट्ट्यावर ठेवते, वेणी घालून होते, बुटाच्या नाड्या बांधून होतात, तोवर त्याला जागा सापडलेली असते. हे न करता निघालं की पहिले दोन-तीनशे मीटर भलतीकडंच जातात. नकाशावर मी एकदा ओढ्यातून पळाले होते.

आमच्याकडं अस्वलांची भीती असते, त्यामुळं उजाडल्याशिवाय निघत नाही आणि कुठल्या फाट्यापर्यंत जाणार ते सासूबाईंना सांगूनच जाते. सेन्सर घ्यावा असं अजून वाटलेलं नाही. मोकळ्या डांबरी रस्त्यावर फोन आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड यांच्यात मला फार फरक दिसला नाही.

निपाणीहून

ताई, तुमच्याकडं मोकळा रस्ता तरी आहे. माझं काम दुकानातलं, रात्री नऊला सुटतं, त्यानंतर जिममधल्या ट्रेडमिलवर पळतो. तिथं जीपीएसचा काय उपयोग? माणूस जागचा हलत नाही. फोन खिशातल्या हिंदकळ्यांवरून अंदाज करतो, पण तो कधी खिशात, कधी समोरच्या खाचेत, त्यामुळं आकडा रोज वेगळा. सेन्सर घेतल्यापासून ती कटकट संपली.

येळ्ळूरहून

राजहंसगडाच्या चढाला माझा जुना साधा सेन्सर नेहमी जास्त अंतर दाखवतो. चढाला पाऊल आखूड पडतं, ते त्याला पुरतं कळत नाही. फोन तिथं बरा. काही जण म्हणतात की जीपीएस चढ मोजत नाही, आडवं अंतरच मोजतं. बहुतेक वेळा खरं आहे, पण हिशेब करून बघा. शंभराला दहा मीटर चढ असला तरी किलोमीटरमागं फरक पडतो पाच मीटरचा. तेवढ्यासाठी कशाला भांडायचं.

वडगावहून

माझा मुद्दा अंतराचा नाहीच आहे. गेल्या वर्षी दोन्ही नडग्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मी पळतानाचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाल्या, पाऊल फार लांब टाकताय, टाच शरीराच्या पुढं जाऊन आपटतेय. मिनिटाला पावलं वाढवा, लांबी कमी करा. सेन्सर घेतला तेव्हा मिनिटाला १५६ पावलं पडत होती. तीन महिन्यांत १६८ वर आणली, एकदम नाही, दर पंधरवड्याला दोन-दोननं.

आमच्या गल्लीत मागांचा खटखटाट दिवसभर चालतो. लहानपणापासून कानाला सवय आहे, माग जरा मंदावला तरी घरात बसून कळतं. पावलांचंही तसंच झालं. आता आकडा बघायच्या आधी आवाजावरून समजतं की मी पाय ओढायला लागले. नडग्या दुखायच्या थांबल्या, ते पावलं बदलल्यामुळं, नेमाच्या व्यायामामुळं की विश्रांतीमुळं, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण पावलं मोजायचा भरवसा मला सेन्सरनंच दिला. अंतरात चूक झाली तरी पावलांची मोजणी त्याची सहसा चुकत नाही, कारण तिथं अंदाज नसतो. पाय टेकला की एक.

शहापूरहून, वय ६७

अॅपल आणि नाइकी यांनी २००६ साली आयपॉड नॅनोला जोडायचा बुटातला सेन्सर काढला, तेव्हा फोनवर पळणं मोजायची सोय आपल्यापैकी कुणाकडंच नव्हती. त्या पिढीतला एक सेन्सर माझ्या भाच्यानं परदेशातून आणून दिला होता. त्यासाठी डाव्या बुटाच्या सुखतळ्याखाली खास खोबण असलेले बूट लागत. माझे बूट इथलेच, साधे. आमच्या कोपऱ्यावरच्या चर्मकार मित्रानं सेन्सर हातात घेऊन उलटासुलटा केला, सुखतळ्यावर पेन्सिलीनं गोल आखला आणि रापीनं इतकी नेमकी खाच काढली की सेन्सर बसल्यावर बोट फिरवलं तरी कड लागत नव्हती. पैसे घेतले नाहीत. आत बॅटरी बदलायची सोय नव्हती, ती संपली तेव्हा सेन्सरही संपला. सुखतळा मी जपून ठेवलाय.

आता नातवानं फोनमध्ये ॲप घालून दिलंय. किल्ला तलावाभोवती चालतो, मला तेवढं पुरतं.

उचगावहून, भरतीची तयारी करणारा

काकांनी लिहिलेलं वाचून मला पण लिहावंसं वाटलं. माझ्याकडं सेन्सर नाही, फोन पण वडिलांचा. सैन्यभरतीत १६०० मीटर पळावं लागतं. मी सहा महिने फोनवर १६०० लावून सराव केला. पाच मिनिटं पंचवीस सेकंद यायची, खूश होतो. भरतीच्या मैदानावर पळालो आणि थोडक्यात राहिलो. पहिल्यांदा वाटलं त्या दिवशी दम कमी पडला. नंतर एका माजी सुभेदारांनी माझी सरावाची वाट स्वतः चालून बघितली आणि म्हणाले, पोरा, ही वाट कमी आहे.

दुसऱ्या दिवशी गवंडीकाम करणाऱ्या चुलत्यांची तीस मीटरची टेप घेऊन पाणंदीत गेलो. एक टोक धाकट्या भावानं धरलं. तेरा टेप आणि वर दहा मीटर, झाले ४००. असं चार वेळा. फोन जिथं १६०० म्हणायचा तिथं टेपवर भरले १५५० मीटर. माझ्या वेगाला ते पन्नास मीटर म्हणजे दहा सेकंद. पाच किलोमीटर पळणाऱ्याला दहा सेकंदांचं काही वाटत नसेल, आम्हाला त्यात वर्ष जातं.

आता दर चारशे मीटरवर चुन्याची रेघ आहे आणि वेळ मी साध्या स्टॉपवॉचवर धरतो. गावातली आणखी सात-आठ पोरं तिथंच पळतात. व्हॅक्सिन डेपोतल्या दादांना सेन्सरला पाऊल शिकवायचं असेल तर इकडं या. फक्त भाताची सुगी आटपू द्या, सध्या पाणंदीत सकाळपासून ट्रॅक्टर असतात. चुना पुसला गेला असेल तर बांधावरच्या मोठ्या दगडाशी खिळा ठोकलाय, तिथनं धरा.